धसका हे निदान नाही

माणूस खोटं बोलतो, हृदय कधीच खोटं बोलत नाही.

हे वाक्य माझं नाही. धुळ्यात मी ज्या खाजगी दवाखान्यात पहिली नोकरी केली, तिथल्या अतिदक्षता विभागाच्या दारावर ते तांबड्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ते स्वतः रचलं होतं आणि विभागाच्या उद्घाटनाच्या भाषणात दोनदा म्हणून दाखवलं होतं. पेंटरने मात्र 'हृदय'च्या जागी 'ह्रदय' लिहिलं. संस्कृतात ह्रद म्हणजे डोह. त्यामुळे दारावरच्या वाक्याचा रोख हृदयावरून डोहाकडे वळला होता, आणि डोहाबद्दल ते बहुधा खरं असावं. मी हे एकदा मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "पेशंट इथे शुद्धलेखन तपासायला येत नाहीत." तेही खरंच होतं.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. अतिदक्षता विभाग म्हणजे चार खाटा, एक मॉनिटर, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि खिडकीत वाळ्याचा कूलर. मॉनिटर दाराजवळच्या खाटेला होता, कारण नातेवाइकांना तो काचेतून दिसायला हवा. हिरवी रेघ उड्या मारताना दिसली की लोक बाहेरच्या बाहेर हात जोडत. मी नुकताच एम.डी. होऊन आलेला, गाव भडगाव, राहायला देवपुरात एक खोली. मला दवाखान्यात घेण्यामागे माझ्या शिक्षणाइतकंच हेही कारण होतं की मला अहिराणी कळायची. मोठे डॉक्टर पुण्याला शिकलेले. पेशंट काय म्हणतो ते त्यांना नर्सकडून समजून घ्यावं लागे, आणि ते काय म्हणतात ते पेशंटला कुणाकडूनच समजत नसे.

छातीत दुखतं म्हणून माणूस आला की त्या काळी आमच्याकडे दोनच कप्पे होते. एक अटॅक, दुसरा गॅस. अटॅक हा मानाचा आजार होता. तो सरपंचांना यायचा, सोसायटीच्या चेअरमनला यायचा, गल्लीतल्या कापडाच्या दुकानदाराला यायचा. बायांना सहसा गॅस व्हायचा. बाई शहरातली आणि शिकलेली असली तर गॅसच्या ऐवजी हिस्टेरिया म्हणत, एवढाच फरक. तिसरा कप्पा नव्हता. माझी आई भडगावला एका शब्दाने पुष्कळ आजार उरकायची, 'धसका'. अमकीने धसका घेतला, तमका धसक्याने गेला. मी वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर हा शब्द घरी ठेवून गेलो होतो. पुस्तकात तो नव्हता.

मे महिन्यात एका दुपारी सोनगीरजवळच्या खेड्यातून एका बाईला काळ्या-पिवळ्या जीपमधून आणलं. पन्नाशीची, सडपातळ, कपाळाला खोक पडलेली. सोबत तिची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत, पुढे मीही म्हणायला लागलो. दोघी बहिणी घरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीचा शिजवलेला घाटा बाईच्या हातांवर कोपरापर्यंत लागून तसाच वाळला होता. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढण्यासाठी मनगटाला पट्टे बांधायचे तर आधी तो घाटा स्पिरिटच्या बोळ्याने घासून काढावा लागला. मी घासत होतो आणि अक्का मला सांगत होती.

बाईचा एकुलता मुलगा, लग्नाचं बघायला नुकतीच सुरुवात झालेला, सकाळी मोटारसायकलवर धुळ्याला यायला निघाला होता. आग्रा रोडवर ट्रकने त्याला उडवलं. जागीच गेला. गावातला एक जण धावत आला आणि अंगणातूनच ओरडला. बाई उठली, दोन पावलं चालली, छाती धरली आणि उंबऱ्यावर कोसळली.

"रडनी बी नही," अक्का म्हणाली. "नुसती 'छाती, छाती' करी ऱ्हायनी."

आलेखाची पट्टी यंत्रातून बाहेर येऊ लागली. पुस्तकात छापतात तसा अटॅक होता. हृदयाच्या पुढच्या भिंतीकडच्या सगळ्या रेषांनी कमान वर उचलली होती. मोठे डॉक्टर आले, पट्टी दोन्ही हातांत आडवी धरली आणि म्हणाले, "मॅसिव्ह." हा शब्द ते पेशंटच्या नातेवाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

गुठळी विरघळवणारं नवं इंजेक्शन तेव्हा आमच्याकडे नुकतं येऊ लागलं होतं. ते द्यायची तयारीही झाली. पण कपाळाच्या खोकेतून रक्त थांबत नव्हतं, आणि त्या इंजेक्शनाने गुठळी विरघळते तशी खोकही वाहती राहते. म्हणून ते राहिलं. जिभेखाली गोळी, ऑक्सिजन, वेदनेसाठी आणि झोपेसाठी इंजेक्शन एवढं झालं. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर जाऊन अक्काला आणि गावच्या लोकांना आज्ञा दिली, "आता हिला एकसुद्धा धक्का बसता कामा नये. दुसरा धक्का म्हणजे सगळं संपलं."

बाईचा नवरा, आबा, त्या वेळी तिथे नव्हता. मुलाचं शवविच्छेदन सरकारी दवाखान्यात चाललं होतं. एका दवाखान्यात मुलगा, दुसऱ्यात बायको. त्यातल्या एकाच ठिकाणी आता घाई करून उपयोग होता, आणि सही लागत होती ती नेमकी दुसऱ्या ठिकाणी.

संध्याकाळी बाई शुद्धीवर आली. पहिला प्रश्न तिने अक्काला विचारला. "मना पोऱ्या?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मॉनिटरकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "पाय मोडना त्याना. नाशिकले लयी गयात. पलस्तर करतीन."

"तो तर म्हने…"

"त्याले काय कळस? येडा शे तो. अंगनातून बोंबलस."

आणि अशा रीतीने तो मुलगा पुन्हा जिवंत झाला. पुढचे कित्येक दिवस तो नाशिकला होता. त्याच्या मांडीला प्लास्टर होतं, ते दीड महिना काढता येणार नव्हतं, आणि डॉक्टर चांगले होते. हे तपशील अक्का रोज थोडेथोडे वाढवत गेली. तिकडे गावात त्याच्या नावाने दारावर बसायला माणसं येत होती. आमच्याकडे मैत आटोपलं की मागे दारावर येणं सुरू होतं. लोक येतात, ओट्यावर बसतात, कुणी काही बोलत नाही, पाणी पितात, उठून जातात. बाया आल्या की मोठ्याने रडतात. घरच्या बाईने त्यांच्या गळ्यात पडायचं असतं. इथे घरची बाईच जाग्यावर नव्हती. आलेल्या बाया अक्काच्या सुनेच्या गळ्यात पडून परत जात, आणि मग त्यातल्याच काही जणी तोंड धुऊन, कुंकू सारखं करून, मोसंबी घेऊन आमच्या दवाखान्यात बाईला भेटायला येत. दाराशी मी त्यांना बजावायचो. त्या आत जाऊन पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. एवढी शिस्त मी नंतर कुठल्याही परिषदेत पाहिली नाही.

मोसंब्यांचं बाई एकच करायची. फळं आली की मोजून अर्धी कापडी पिशवीत घालायची. "हाई नाशिकले धाडी द्या." अक्का ती पिशवी घेऊन जिन्यापर्यंत जाई आणि तिथे तिला पुढे कुठे जावं ते सुचत नसे. सुरुवातीची पिशवी तिने परत गावी नेली. पुढच्या पिशव्या माझ्या टेबलाच्या खाली साठू लागल्या. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "अरे, वाया का घालवता?" आणि एक सोलायला घेतलं. अक्का समोर उभी होती. त्यांनी अर्धं खाल्लं आणि उरलेलं कुठे ठेवावं ते न कळून खिशात घातलं.

आता वैद्यकीय भाग. बाईचा आजार पुस्तकाप्रमाणे वागत नव्हता. एवढ्या मोठ्या अटॅकला शोभेल इतका रक्ताच्या तपासणीचा आकडा चढलाच नव्हता. दोन दिवस धाप होती, फुप्फुसांत पाणी होतं, नाडी पळत होती. मग ते सगळं भराभर ओसरलं. हृदयाचा एखादा भाग मेला की आलेखात त्याची खाच कायमची राहते. इथे खाच पडली नाही. रेषा आता उलट्या, खाली तोंड करून होत्या, पण स्नायू मेल्याची खूण कुठे दिसेना. चार पावलं चालवून पाहिलं तर बाई दम न लागता चालली, वर माझी मानगूट बारीक आहे, जेवत जा, असं म्हणाली.

मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, हा कदाचित अटॅक नसेल."

"मग काय, गॅस आहे?"

"गॅस नाही. हृदयच बिघडलं होतं. पण रक्तवाहिनी बंद पडून नाही. बातमीने."

"म्हणजे काय?"

माझ्याकडे शब्द एकच होता. मी म्हटलं, "धसका."

त्यांनी चष्मा काढला. "धसका हे निदान नाही, डॉक्टर. फाइलीत काय लिहायचं? आलेखाच्या कुठल्या लीडमध्ये, कुठल्या रेषेत दिसतो धसका?" नर्स हसली. मीही हसलो, कारण नोकरी नवी होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी, जळगावला माझा स्वतःचा दवाखाना झाल्यावर, एका मासिकात वाचलं की जपानात या आजाराला नाव मिळालं आहे. अचानक मोठा आघात झाला की हृदयाचं टोक फुगून लुळं पडतं आणि त्याचा आकार तिथल्या कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून मडक्याचंच नाव. पाळी गेलेल्या बायांना जास्त. आलेख हुबेहूब अटॅकसारखा. रक्तवाहिन्या मोकळ्या. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, थोडे दगावतातही. पहिल्या तासात दोन्ही आजार नुसत्या आलेखावरून ओळखू येत नाहीत, तेव्हा दुसरं सिद्ध होईपर्यंत अटॅकच समजावा, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे मोठे डॉक्टर पहिल्या दिवशी बरोबरच होते. हे मी त्यांना कळवणार होतो, पण तोवर ते स्वतः अटॅकने गेले होते. मानाच्याच.

पण तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, आणि प्रश्न पुस्तकी नव्हता. खरा अटॅक असेल तर बाईला दुसऱ्यांदा बातमी सांगणं म्हणजे तिला मारणं. नसेल, तर आम्ही एका आईला तिच्या मुलासाठी रडू देत नव्हतो, आणि तिकडे एकेक विधी तिच्यावाचून उरकला जात होता.

दहाव्याचा दिवस आला. मुलगा बिनलग्नाचा, भाऊ नाही, म्हणून अग्नी आबांनीच दिला होता. बापाने मुलासाठी डोकं करावं की नाही यावर भाऊबंदांत दोन मतं पडली. ज्यांचं मत करावं असं होतं ते वयाने मोठे निघाले. पण मग मिशीचं काय? केस टोपीखाली झाकले जातील, मिशी कशी झाकणार? बायको दवाखान्यात रोज बघते. नदीकाठी न्हावी वस्तरा घेऊन थांबला आणि पंचांची चर्चा बसली. शेवटी भटजींनी तोड काढली की अडचणीच्या प्रसंगी मिशी ठेवली तरी चालतं. त्याला शास्त्रात कुठे आधार आहे हे कुणी विचारलं नाही. आबांनी केस दिले, मिशी वाचवली.

त्या दुपारी ते आधी माझ्याकडे आले. आबा म्हणजे उंच, हडकुळे, बोलायला कमी. त्यांचे केस दाट पांढरे होते आणि गांधी टोपी त्या केसांवर कायम वरचेवर ठेवल्यासारखी असे. आता ती खाली उतरून कानांवर टेकली होती. नवा सदरा घालून दाखवावा तसे ते माझ्यासमोर उभे राहिले.

"देखा डॉक्टरसाहेब. चाली जाई का?"

"चालेल आबा," मी म्हटलं. "फक्त मान खाली घालू नका."

ते आत गेले. मान ताठ ठेवून खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मी पडद्याजवळ होतो. बाईने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "जेवतस का तुम्ही?"

"जेवस."

"भाकर कोन करस?"

"अक्कानी सून."

"नांगरटी व्हयनी का?"

"व्हई जाई."

त्या दिवशी तिने मुलाबद्दल एक शब्द विचारला नाही. मी फाइलीत 'मनःस्थिती सुधारली' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोसंबी आणली. बाईने पिशवी मागितली नाही. एक मोसंबं घेतलं, हळूहळू सोललं, फोडीवरचं पांढरं काढलं आणि एकेक फोड खाल्ली. सगळं. मग दुसरं सोलून अक्काच्या हातात दिलं. "खाई ले तू बी." मला बरं वाटलं. पेशंटला भूक लागणं हे चांगलं लक्षण, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

त्याच सुमारास मोठ्या डॉक्टरांच्या मनात आलं की माझं समाधान एकदाचं करून टाकावं. सोनोग्राफीसारखं हृदय पडद्यावर दाखवणारं यंत्र तेव्हा धुळ्यात नव्हतं. नाशिकला होतं. हृदयाची भिंत हलते की नाही ते तिथे लगेच दिसलं असतं आणि हा अटॅक होता की दुसरं काही, याचा निकाल बराचसा लागला असता. ते राउंडला आले आणि उत्साहात बोलून गेले, "बाई, तुम्हाला आपण नाशिकला पाठवू."

अक्काच्या हातातला पेला तसाच राहिला. नाशिकला गेल्यावर बाई कुणाला भेटायचं म्हणणार, हे मोठ्या डॉक्टरांच्याही लक्षात आलं, पण वाक्य सुटलेलं होतं. आबा टोपी सावरू लागले.

"माले नही जानं नाशिकले," बाई म्हणाली.

"का?"

"इतलं लांब कोन जाई? मोटार लागस माले." आणि ती कुशीवर वळली.

आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तपासणी रद्द झाली. आमच्या खोटेपणाने निदानाची वाट अडवली होती आणि पेशंटने स्वतः बाजूला होऊन आम्हाला सोडवलं होतं. तिने असं का केलं, हा प्रश्न खोलीतल्या एकाही सुशिक्षित माणसाला पडला नाही.

गंधमुक्ती जवळ आली. तेराव्याला घर पुन्हा शुद्ध करायचं, गोडाचा घास तोंडाला लावायचा, आणि मग दुःख अधिकृतपणे संपतं. आई नसताना ते कसं करणार? भाऊबंद म्हणू लागले, आता सांगा. आबा मोठ्या डॉक्टरांसमोर हात जोडून उभे राहिले. "माले नही सांगता येवाव. तुम्हीच सांगा साहेब."

मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. सांगायचं ठरलं, आणि मग त्याचा समारंभ झाला. बाईला आता बाजूच्या खोलीत हलवलं होतं. तिथे ऑक्सिजन आणला, भरलेली इंजेक्शनं ट्रेमध्ये ओळीने ठेवली, छातीवर शॉक द्यायचं यंत्र ढकलत आणलं. सांगतानाच काही झालं तर क्षणात कळावं म्हणून आलेखाचं यंत्रही जोडायचं होतं. बाईच्या मनगटांना आणि घोट्यांना मी पट्टे बांधले. पंख्याच्या विजेने रेष थरथरते म्हणून पंखा बंद केला. मे महिना, पत्र्याचं छत, पडदे ओढलेले. मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे, एका बाजूला अक्का पदर तोंडात धरून, दुसऱ्या बाजूला स्टुलावर आबा. मी यंत्र सुरू केलं. पट्टी बाहेर यायला लागली.

"बाई," मोठे डॉक्टर म्हणाले, "आयुष्य हे एका प्रवासासारखं असतं."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. ते प्रवासाबद्दल बोलत राहिले. मध्येच देवाचा उल्लेख आला, मग विज्ञानाच्या मर्यादांचा. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की त्यांचा आवाज कापतो आहे. शेवटी ते म्हणाले, "तुमचा मुलगा नाशिकला नाही. तो त्याच दिवशी गेला."

सांत्वनाला आलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं बाईने ऐकून घेतलं. मग अक्काला म्हणाली, "डॉक्टरसाहेबले पानी दे. घाम ई ऱ्हायना त्यास्ले."

बाई आबांकडे वळली.

"आते ती टोपी काढा," ती म्हणाली. "कितलं उकडी ऱ्हायनं."

आबांनी टोपी काढली. डोक्यावर खुरटे पांढरे केस उगवू लागले होते, मध्ये वस्तऱ्याची एक जखम होती. बाईने त्या डोक्याकडे हात नेला, पण मनगटाला पट्टा होता आणि त्याची वायर तिथपर्यंत पुरत नव्हती. तेव्हा आबांनीच स्टूल पुढे ओढलं, मान खाली घातली आणि कपाळ तिच्या खाटेवर टेकवलं. मग ती रडली. मोठ्याने, गावातल्या बाया रडतात तशी, मुलाचं नाव घेऊन. मोठे डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

यंत्र बंद करायचं माझ्याकडून राहून गेलं. पट्टी टेबलावरून घसरत फरशीपर्यंत गेली होती. मी ती गोळा केली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. रडण्यामुळे रेष हलत होती, तेवढं सोडलं तर कालच्या आणि आजच्या आलेखात काहीच फरक नव्हता.